करिंथची दुसरी पंगत

त्या पुरणपोळ्यांचा राग अजून जात नाही. पोळ्यांचा कसला, माझाच.

कतारमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी जोरात होती तेव्हाची गोष्ट. नाशिकला मी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचे. दोह्याला येऊन नवऱ्याच्या व्हिसावरची डिपेंडंट झाले. त्यामुळे इथल्या मराठी मंडळानं वार्षिक स्नेहभोजनात भाषण द्या म्हटल्यावर हुरळूनच गेले. विषय घेतला, रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म कसा वाढला. जरा हलकंफुलकं घ्या, असं अध्यक्ष म्हणाले. मी ऐकते कशाला!

कार्यक्रम दोह्याजवळच्या मुऐदरला, अध्यक्षांच्याच व्हिलात. आदल्या शुक्रवारी स्टेज ठोकायला परभणीकडचा एक सुतार आला होता. आठवडाभर अल थुमामाच्या स्टेडियमवर राबायचा आणि सुट्टीच्या दिवशी आमचं काम. मी तिथेच भाषणाची तालीम करत होते. करिंथ हे रोमनांचं बंदराचं शहर. नव्या धर्माची माणसं एखाद्या पैसेवाल्याच्या घरी जमायची, आपण सगळे सारखे म्हणत एकत्र जेवायची. पण घरमालकाचे दोस्त लवकर येऊन ताव मारत. गुलाम, हमाल कामं उरकून येईपर्यंत भांडी रिकामी. शहरात वजन कोणाचं, ते जेवणातच कळायचं.

हातोडी थांबवून सुतारानं विचारलं, मग त्यांचं पुढं काय झालं? ते शेवटी सांगणार आहे, पुढच्या शुक्रवारी या, असं मी म्हटलं. तो हसला. चार वर्षांत पंगतीत बसून पुरणपोळी खाल्ली नव्हती म्हणाला. कार्यक्रमानंतर दोनच दिवसांनी तो कायमचा गावी चालला होता.

"पहिल्या पंगतीत बसवते," मी म्हटलं. "माझा शब्द."

वाढण्याची जबाबदारी माझ्याकडेच होती ना! पण शुक्रवारी साइटवर ओव्हरटाइम निघाला, सुताराला आणि त्याच्या सोबतच्या कामगारांना आणणारी लेबर कॅम्पची बस काही येईना. भाषण झालं, टाळ्या पडल्या. अध्यक्ष घड्याळ दाखवायला लागले. कंपन्यांचे मोठे साहेब आलेले, त्यात पुढच्या महिन्यात मंडळाची निवडणूक. यल्ला, पानं मांडा, ती माणसं येतील तेव्हा येतील, म्हणाले. ज्या तोंडानं आत्ताच करिंथच्या शेठजींना फैलावर घेतलं होतं, त्याच तोंडानं मी म्हटलं, घ्या वाढायला. एका साहेबांना तिसरी पोळी तर मीच आग्रह करकरून वाढली. वर तूप.

बस आली तेव्हा वरणभात होता आणि पोळ्यांचे तुकडे. अध्यक्षांनी सुताराच्या पाठीवर थाप मारून स्टेजचं कौतुक केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि केलं काय? उरलेले तुकडे गोळा करायला लागले. मेली सगळी अक्कल माईकपुरती.

सुतार स्वतः ठोकलेल्या पायरीवर बसला होता. त्यातल्या त्यात मोठा तुकडा ताटलीत घालून मी त्याच्यापुढे गेले, पण माझी मान काही वर होईना.

"पोळीचं ऱ्हाऊ द्या, ताई," तो म्हणाला. "त्या लोकायचं पुढं काय झालं?"

भाषणात मी ते फार झोकात सांगितलं होतं. भांडणं नकोत म्हणून पुढे ते जेवणच सुटलं. मग खुद्द बादशहा त्या धर्माच्या बाजूनं झाला, मोठमोठी देवळं उभी राहिली, पण ती पंगत काही परत आली नाही. आता ते दोन वाक्यांत उरकलं.

"जेवण बंद झालं," मी म्हटलं. "सगळ्यांना घासभर प्रसाद द्यायला लागले."

त्यानं ताटलीतला तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला.