चांगुणामावशी आणि बापूंनी न बघितलेलं जपान

लग्नाच्या मांडवात चांगुणामावशीची खुर्ची ठरलेली असायची. पंख्याखालच्या चांगल्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती आपल्या दिराच्या बरोब्बर मागं जाऊन बसायची. दीर म्हणजे बापू. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला टिळा, हातात दोन-दोन फोन. बापूंनी शेजारच्याला आपल्या जपान दौऱ्याची गोष्ट सांगायला घेतली, की मावशी मागून खाकरायची. साधंसुधं नाही, घशात काटा अडकल्यासारखं. बापू मान वळवून बघायचे तेव्हा ही बया मांडवाच्या झालरी न्याहाळत असायची.

माझ्या आईची ही थोरली बहीण, पुण्याजवळ भुकूमला दिलेली. उंच, काटक, मूलबाळ नाही, कुणाची भीडभाड नाही. ती गेली तेव्हा दहाव्याला बापू माईकवर रडले. ‘वैनी मला आईच्या जागी होती,’ म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिथं मला कुणी माईक दिला नाही, म्हणून इथं लिहितेय. मावशीनं त्या माणसाला कधीच माफ केलं नव्हतं, आणि हे चार लोकांना कळलंच पाहिजे.

काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, डोंगराच्या उतरणीला भाताची खाचरं होती, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. त्यांचे बांध काकांनी स्वतः दगड वाहून रचलेले. वाटणीत वरची खाचरं बापूंच्या नावावर गेली आणि सगळ्यात खालचं तेवढं काकांकडं राहिलं. तरी सगळी कसायचे काकाच. बापूंना चिखलाचं वावडं. काका वारले. त्यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं. मावशी दिवाळीला माहेरपणाला आमच्याकडं आली होती, तेवढ्यात बापूंनी जेसीबी लावून वरची सगळी खाचरं सपाट केली. बिल्डरशी त्यांचं बोलणं झालं होतं, तिथं बंगले व्हायचे होते. मावशी परत आली तर काकांचे दगड ओढ्यात पडलेले.

ती भांडायला गेली तर बापू हसले. नुकतेच बिल्डरच्या खर्चानं जपानला जाऊन आले होते, चौकात अभिनंदनाचा फ्लेक्सही लागला होता. ‘वैनी, खाचरं काय बघायची चीज हाय का? मी जपान बघून आलोय. लोकं मोठमोठ्या इमारती बघाया जात्यात. तुमच्या चिखलाकडं कोन कुत्रं बघतंय?’

हे वाक्य मावशीनं गाठ मारून ठेवलं. तिला एका गोष्टीचं बळ होतं. बंगल्यांच्या जागेकडं गाडी न्यायची तर तिच्या खालच्या खाचरातूनच रस्ता हवा होता, दुसरीकडून वाटच नव्हती. बापूंनी विनवण्या केल्या, भावकी बसवली, साड्या पाठवल्या. मावशीनं साड्या कामवाल्या बायकांना वाटल्या आणि खाचरात भात लावला. वर बापूंच्या सपाट केलेल्या जागेत गाजरगवत माजलं.

मी पुण्यात एका सहल कंपनीत काम करते, जपानच्या सहलीही नेते. एकदा मावशी म्हणाली, ‘मला ने जपानला.’ भाड्यानं दिलेल्या खोल्यांमुळं तिच्याकडं पैसा होता, त्याची अडचण नव्हती. मी खुशीत येऊन टोकियो, फुजी, देवळं असं सांगायला लागले.

‘त्यानं बघितल्यालं उष्टं मला नगं,’ मावशी म्हणाली. ‘त्यानं नाव बी ऐकल्यालं नसंल, असं काय हाय का तितं?’

मी सादो बेट शोधून काढलं. जपानच्या पश्चिमेच्या समुद्रात, आपल्याकडचे लोक सहसा जात नाहीत असं. मावशीनं एकच अट घातली, रोपं लावणीला यायच्या आत परत यायचं.

टोकियोतून जाणं काही चुकत नव्हतं. मावशी टॅक्सीत डोळे घट्ट मिटून बसली. बुलेट ट्रेनमध्ये तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. ‘अगं, जरा बघ तरी!’ मी म्हटलं. ‘तुझं तू बघ. माझं आजून जपान आलं न्हाई,’ पदराआडून उत्तर आलं. निगाता बंदरातून मोठ्या बोटीत बसलो आणि किनारा मागं पडला, तेव्हा कुठं तिनं डोळे नीट उघडले.

बेट बघण्यासारखं आहे, यात वादच नाही. काळ्या खडकांवर लाटा फुटतात, समुद्रात दोन कासवं शेजारी बसावीत तसे दोन खडक आहेत, हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरतात. सोन्याच्या जुन्या खाणीपाशी डोंगराचा माथा सोन्यासाठी खणून खणून मधोमध चिरला गेलाय. सगळे फोटो काढत होते. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. ‘ह्या डोंगराचा बी कुनीतरी दीर आसंल,’ म्हणाली.

दक्षिणेला एका गावात तिथल्या बायका पाहुण्यांना लाकडी टबात बसवून समुद्रात फिरवतात. गोल टब, एकच वल्हं. ‘आगं, हे तर घंगाळ!’ म्हणत मावशी नऊवारी सावरून आत बसली. वल्हवणारीच्या हातातून वल्हं घेऊन तिनं स्वतः ओढून बघितलं, तर टब जागच्या जागी गरागरा फिरायला लागला. दोघी खदखदा हसत होत्या. एकीला दुसरीची भाषा कळत नव्हती आणि त्यांचं काही अडतही नव्हतं.

नंतर मी तिला सांगितलं, की जुन्या काळी राजाच्या मर्जीतून उतरलेल्यांना या बेटावर हद्दपार करत. एका सम्राटालाही इथं धाडलं होतं, तो परत गेलाच नाही. मावशी एकदम ताठ बसली.

‘म्हंजे नको असल्याली मान्सं हितं आनून सोडायचे?’

‘हो.’

‘आजून घेत्यात का?’

मी हसत सुटले, पण ती हसत नव्हती. बोटीचं तिकीट केवढ्याला पडतं, हेही तिनं विचारून घेतलं.

मग आम्ही डोंगरातल्या भातशेतीकडं गेलो. वळणावळणाचा रस्ता, वर बघायला बांधलेली माची, गाड्या लावायला जागा. खाली खाचरं, एकाखाली एक, पार समुद्राकडं उतरत गेलेली. लांबलांबून आलेली माणसं कठड्याला टेकून गप्प उभी होती. खाचरंच बघायला आलेली! मावशीचा आवाज चढला. ‘बघ! बघ म्हनावं त्या मुडद्याला! जहाजात बसून लोकं चिखल बघाया येत्यात! आन् माज्या मान्साचं दगड त्यानं वढ्यात ढकललं!’ ती रडत होती आणि शिव्याही देत होती. शेजारचे जपानी लोक आदबीनं बाजूला सरकले.

मी तिला पाणी आणायला गाडीकडं गेले. परत आले तर मावशी गायब! खाली बघते तर बाई चपला हातात घेऊन एका बांधावर. तिथून खाचरातलं पाणी भळभळ वाहून जाताना तिला दिसलं होतं. बांधाला खांड पडली समजून ती खाली उतरली आणि दोन्ही हातांनी चिखल घालून तिनं ते तोंड गच्च बुजवलं. वरून एक म्हातारा शेतकरी हात हलवत, ओरडत धावत आला. मी फोनवरच्या भाषांतरानं त्याच्याशी बोलले तेव्हा उलगडा झाला. बांध फुटलेला नव्हता. रोपांची मुळं खोल जावीत म्हणून या दिवसांत तो पाणी मुद्दाम सोडून देतो, खाचर वाळू देतो.

माझी मान शरमेनं खाली गेली. मावशीची नाही. ‘आसं आसंल तर पाटी लावायची,’ ती म्हणाली. ‘पानी पळताना बघून कोन गप बसंल?’ फोननं हे जपानीत सांगितलं. म्हातारा आधी तिच्या चिखलानं भरलेल्या हातांकडं बघत राहिला, मग मोठ्यानं हसला आणि तिच्यापुढं कमरेत वाकला. तुमची किती खाचरं आहेत, असं त्यानं विचारलं. मावशीनं एक बोट दाखवलं. मग तिनं विचारलं, ‘ह्यास्नी भाऊ हाय का? त्याच्याकडं जेसीबी हाय का?’ फोननं काय भाषांतर केलं देव जाणे, म्हाताऱ्यानं आम्हाला घरी नेऊन चहा पाजला.

परत आल्यावर मावशीनं उट्टं काढायला सुरुवात केली. हिवाळ्यात भावकीतलं एक लग्न होतं. निवेदकानं बापूंना वधूवरांना आशीर्वाद द्यायला बोलावलं. बापूंनी माईक हातात घेतला आणि आशीर्वादाची गाडी नेहमीप्रमाणं जपानकडं वळली. मावशी खाकरली नाही. उभी राहिली.

‘भावजी, सादो बघितलं का?’

‘ते काय असतंय?’ माईकवरच बापू बोलून गेले.

‘जपानात हाय.’

‘आमी टोकियो... फुजी...’

‘म्हंजे न्हाई बघितलं. मग बसा खाली.’

अख्ख्या मांडवात हशा पिकला. नवरी मुंडावळ्यांआड तोंड लपवून हसत होती. बापूंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला विचाराल तर माझ्या सगळ्या सहलींत मी त्याच्याइतकं सुंदर दृश्य पाहिलेलं नाही.

पुढं तिनं खाचराच्या कडेला बाकडी टाकली. नव्या सोसायट्यांमधले लोक रविवारी मुलांना घेऊन यायला लागले. कुणी फोटो काढायचं, कुणी नुसतं बसायचं. बापू गाडीतून जाताना मावशी मुद्दाम हाक मारायची, ‘भावजी, या की, चिखल बघाया!’ बापूंच्या गाडीची काच वर जायची.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीची मूत्रपिंडं थकली. कोथरूडच्या दवाखान्यात ती उशीला टेकून बसायची आणि लावणीची काळजी करायची. बापू सफरचंदं घेऊन आले. मी दारातच ताठले होते, पण मावशी गोड आवाजात म्हणाली, ‘भावजी, यंदा माजी लावनी कोन करनार वो?’

बापूंच्या डोळ्यांपुढं रस्ता उभा राहिला असणार. ‘मी करतो वैनी! माज्या हातानं करतो!’

आणि केली की! पांढरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बापू चिखलात उतरले. बांधावर त्यांच्या मुलानं व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता, इकडं मावशी पलंगावरून बघत होती. ‘ते रोप खोल गेलं. उपटा.’ बापू उपटायचे. ‘वळ वाकडी हाय. परत लावा.’ बापू परत लावायचे. बाकड्यांवर बसून सोसायटीतले लोक हे सगळं बघत होते. बापूंच्या तोंडावर चिखल उडाला तेव्हा मावशीला इतकं हसू आलं, की नर्स धावत आली.

लावणी संपली. बापू धापा टाकत फोनपुढं आले. ‘वैनी, आता तेवढं रस्त्याचं...’

‘भावजी, उभ्या पिकातनं रस्ता काडायचा? तुमाला काय रीतभात हाय का न्हाई? कापनी झाली की बोलू.’

उभ्या पिकाला हात लावायचा नसतो हे बापूंनाही माहीत होतं. ते रोज सकाळी पाणी बघायला खाचरावर जायला लागले. मावशी गणपतीनंतर गेली. शुद्धीवर होती तोवर तिनं मला एवढंच विचारलं, ‘लोंब्या आल्या का?’ मी हो म्हटलं.

खाचर तिनं माझ्या नावावर करून ठेवलं होतं. दिवाळीत कापणी झाली. ती बापूंनीच माणसं लावून उरकली आणि दुसऱ्याच दिवशी बिल्डरच्या माणसाला घेऊन माझ्या दारात आले. ‘ताई, वैनी म्हनल्या होत्या, कापनी झाली की बोलू. झाली कापनी.’

मला मावशीसारखं गोड बोलता येत नाही, पण मी प्रयत्न केला. ‘हो ना, बापू. ती तुमच्याशी बोलणार होती. तुम्ही तिच्याशीच बोला.’

बिल्डरचा माणूस घड्याळ बघायला लागला. दोघं जिना उतरत असताना मी वरून हाक मारली आणि म्हटलं, की पुढच्या पावसाळ्यात लावणीला या, मग बघू. बापू जिन्यातच थांबले. वर बघितलं आणि मान डोलावून ‘येतो’ म्हणाले.