रुखवतातल्या चपला

समुद्राने नको म्हणून किनाऱ्यावर फेकलेली प्रत्येक वस्तू शेवटी ग्वाल्हेरला, थाटीपुरात, आमच्या साडूंच्या घरी येते, असं माझं ठाम मत झालंय. त्यांचं कुलदैवत कोकणात, दरवर्षी दर्शनाला जातात. लोक येताना प्रसादाचा नारळ आणतात, हा गृहस्थ पोतं आणतो! त्यात फाटकी जाळी, बाटल्यांची बुचं, दोरखंडाचे तुकडे आणि चपला. एकदा परतीच्या गाडीत सगळा डबा नाकाला रुमाल लावून बसला. टीसीने दरडावून विचारलं, "इसमें मछली है क्या?" "मछली नहीं साहब, चप्पलें हैं." "किसकी?" "अब समंदर से कौन पूछे?" टीसी बिचारा पुढच्या डब्यात निघून गेला.

घरी आल्यावर तो ऐवज न्हाणीघरातल्या टपात भिजत पडतो. माझी मेव्हणी करवादते, "नळाला पाणी एक दिवसाआड, आणि ह्यांना कचऱ्याची अंघोळ सुचते! दिमाग ठिकाणावर आहे का?" साडू शांतपणे घासत असतात. मग त्या मालाच्या वस्तू होतात आणि त्या, देवा रे, आम्हाला भेट मिळतात. आमच्या दारात त्यांनी विणलेलं नायलॉनच्या दोराचं पायपुसणं आहे. त्यावर पाय पुसला जात नाही, सोलला जातो. बैठकीत जाळ्याच्या तरंगत्या गोळ्याचा दिवा आहे, तो लावला की घरभर खारट वास सुटतो. काढून ठेवावा तर हे मधूनच येऊन बघतात, "चल रहा है ना?" रागवावं तर एकच उत्तर, "अहो, पुसलं तर चांगलं आहे की. फेकायचं कसं?" या माणसाशी भांडून भांडून माझे केस गेले.

पण खरा कहर केला तो माझ्या लेकीच्या लग्नात. त्यांना मूलबाळ नाही, ती त्यांची फार लाडकी. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवून त्यांना एक बिनधोक काम दिलं होतं, अत्तरगुलाब सांभाळायचं. जयेंद्रगंजातल्या कार्यालयात सकाळी रुखवत मांडलं. मी बघतो तर काय, साखरेच्या फळांच्या ओळीत चक्क चपला! सप्तपदीच्या पावलांच्या जागी सात जोड, प्रत्येकावर तांदळाची रास आणि वर सुपारी. शुभकार्यात, वरपक्षासमोर, पायताणं! आणि विहीणबाई म्हणजे करारी बाई. नवरा गेल्यावर एकटीने मुलगा वाढवलेला, मानपानात इकडचं तिकडे चालायचं नाही. पहिल्याच दिवशी पोरीच्या सासरची माणसं बिथरणार, या धास्तीने मी ओरडलो, "उचला हे आधी!"

"अहो, पावलं दाखवायची तर पायातलंच नको का?" साडू म्हणाले.

तेवढ्यात विहीणबाई रुखवत बघायला आल्याच. माझी बायको खांब धरून उभी राहिली. विहीणबाईंनी चष्मा सावरला. "हे काय आहे?"

"सप्तपदी," साडू खुशीत म्हणाले. "काय आहे विहीणबाई, समुद्रावर जोड कधी मिळत नाही. एकच चप्पल येते, दुसरी कुठल्या मुलखात लागली देव जाणे. मग एक यंदाची, एक मागची, अशा कापून, घासून एका मापाच्या केल्या. वर्षभर बसलो होतो. आता बघा, चालतील की नाही बरोबर?"

विहीणबाई वाकल्या. एका चपलेवरून त्यांनी बोट फिरवलं. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

"आणि ज्यांना जोड मिळत नाही, त्यांचं काय करता?" त्यांनी हळूच विचारलं.

"ठेवतो. एकट्या राहिल्या म्हणून टाकवत नाहीत हो."

कलंडलेली एक सुपारी विहीणबाईंनी उचलून राशीवर नीट बसवली, आणि हात बराच वेळ तिथंच राहू दिला. मग म्हणाल्या, "असू द्या हे असंच."

आपण काय बोलून गेलो, हे साडूंना कळलं नसावं. मी मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या मालाला आपणहून हात लावला, आणि बाकीच्या राशींवरच्या सुपाऱ्या नीट बसवल्या.