गणपतीच्या गाडीआधीची मीटिंग

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं होती. आजोबा गिरणीतले, युनियनचे. संपाची उरलेली पत्रकं त्यांनी पलंगाखाली जपली होती आणि मी त्यांवरच अक्षरं लावायला शिकले. त्यामुळे आई कर्जाच्या गटात शिरली तेव्हा आमचं दोघींचं वाजणारच होतं.

लालबागच्या आमच्या चाळीतल्या पाच बायकांचा हा गट. कंपनी प्रत्येकीला धंद्यासाठी छोटं कर्ज देते. तारण नाही, पण एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. दर दुसऱ्या मंगळवारी आमच्या खोलीत मीटिंग. पाचही जणी हजर पाहिजेत, तसा फोटो जातो. पहिल्या कर्जावर आईने फराळाचा धंदा सुरू केला. आता दिवाळीआधी तिला मोठी शेगडी आणि हलवायाकडे असते तशी कढई हवी होती. एक जरी मीटिंग बुडली, तर ते दुसरं कर्ज अडणार होतं.

आणि मीटिंग आली नेमकी गणपतीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी सकाळी सहाला अख्ख्या चाळीने मिळून ठरवलेली एसटी कोकणात निघते. या गाडीसाठी लोकांनी नोकऱ्या सोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

हप्ते गोळा करणारा मुलगा नवा होता, अमरावतीकडचा. "अकराची मीटिंग आहे जी, मावशी. एक दिवस उशिरा जा ना."

"सर, बाप्पा काय तुमच्यासाठी दाराबाहेर थांबायचा नाय," ब्लाऊज शिवणारी शेजारची काकू म्हणाली. गटाची प्रमुख तीच.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. बड्या कर्जदाराचा हप्ता चुकला तर त्याच्या शेजाऱ्याकडे कुणी मागतं का? मग बायकांनाच एकमेकींच्या मानेवर का बसवता? त्यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही. आईने ते उभ्या उभ्या वाचलं.

"बरां लिवलंस. पण माका आधी कढई व्हयी. क्रांती मागसून."

तोडगा बायकांनीच काढला. मंगळवारच हवा ना? मग पहाटे साडेपाचला या.

"मी कल्याणला राहतो, काकू!"

"मग? आम्ही पाण्यासाठी चारला उठतो."

त्याने मॅनेजरला फोन लावला. तारीख हलणार नव्हती, वेळ हलली.

मंगळवारी पाचही जणी सामान बांधून आमच्या खोलीत बसल्या. सहा वाजले. हप्तेवाल्या मुलाचा पत्ता नाही, फोन लागत नाही. खाली ड्रायव्हरने हॉर्न धरून ठेवला. "हप्त्यापायी बाप्पाला लटकवणार काय?" कुणीतरी ओरडलं. आई म्हणाली, "तुमी जावा, मी रवतंय." पण एकटी राहून उपयोग काय? फोटोत पाचही लागत होत्या.

मी जिना उतरले आणि एसटीच्या पुढ्यात उभी राहिले.

"ए ताई, बाजूला हो."

"नाही होणार."

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "मागणी काय आहे तुमची?"

"दहा मिनिटं."

त्याने इंजिन बंद केलं आणि चहा मागवला. माझी इतक्या लवकर मान्य झालेली मागणी आजवर तीच.

चहा संपायच्या आत तो मुलगा नाक्यावरून धावत आला, घामाने निथळत. हजेरी झाली, हप्ते झाले, फोटो निघाला. आईने प्रवासाच्या चकल्यांतली एक पुडी त्याच्या हातात कोंबली.

"घेता येत नाही जी. नियम आहे."

"नियम खिशात ठेव, चकली तोंडात घाल," काकू म्हणाली आणि पिशव्या उचलून धावली. गाडीभर लोक आम्हाला शिव्या घालत होते. घाट लागेपर्यंत तेच लोक आमच्या चकल्या खात होते.

कर्ज मंजूर झालं. कढई एवढी मोठी निघाली की तिघांनी आडवी करून दारातून आत घेतली. ऑर्डरी आईच्या एकटीच्या आवाक्याबाहेर गेल्या, म्हणून तिने पलीकडच्या चाळीतल्या दोघींना हाताखाली घेतलं. पहिल्याच सकाळी त्यातल्या एकीने पदर खोचत विचारलं, "मजुरी काय देणार, ते आधी सांगा."

आई माझ्याकडे वळली. 

"बघतंस काय? वाजवी किती, ता सांग."