बाळंतिणींची झोप

पालिकेचं प्रसूतिगृह खासगी कंपनीला देऊ नका, म्हणून आम्ही बायकांनी मोर्चा काढला होता. घोषणा देऊन घसे बसले होते. प्रसूतिगृहाचं फाटक आलं, तशा तिथेच जन्मभर आया म्हणून राबलेल्या शेवंतामावशी मागे वळल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू गं बायांनो, आत बाळंतिणी आहेत.”

सगळ्या एकदम गप्प झालो. पावलंसुद्धा जपून पडू लागली. इथे वरातीही बँड थांबवून पुढे जायच्या. गावाची ही जुनी सवय.

फाटकाला महिन्यापासून कुलूप होतं. आतल्या खाटा हलवल्या, तेव्हा आम्हीच बघत उभ्या होतो. मावशीही होत्या.

आमच्या ओरडण्यानं आतून एखादं तान्हं दचकून रडलं असतं, तर किती बरं झालं असतं!