ड्रमवाल्याचं पथ्य

"शर्ट वर घे," डॉक्टर म्हणाला.

घेतला. कारखान्याच्या जेवणाच्या शेडमध्ये तपासणी चालली होती, सगळी पाळी रांगेत उभी. त्यानं माझ्या पोटाची वळी दोन बोटांत धरून रांगेला दाखवली. "बघा रे. ह्याला सक्करे कायिले, साखरेचा रोग, का झाला? भात! होळिगे, पुरणपोळ्या! तोंड आवरत नाही." रांग फिदीफिदी हसली. मी पण हसलो. काय करणार?

डॉक्टर शहरातल्या चामराजपुरम वस्तीतला. कानडी मुलखात राहून घरी मराठीच बोलणारा, माझ्यासारखाच. माझं आडनाव वाचलं आणि मुद्दाम मराठीत म्हणाला, "आपल्या लोकांची लाज काढू नकोस रे." परक्यानं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. हे आत जाऊन बसलं.

तेव्हापासून मी चोर झालो. ताटात भात पडला की आधी बायकोकडे बघायचो. संक्रांतीला शेजारची पोर एळ्ळू-बेल्ला, म्हणजे तीळगूळ, वाटीत घेऊन आली, ती मी दारातूनच परत पाठवली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्यामुळं घरात गोड शिजायचं बंद झालं. बायको म्हणायची, "आम्हालाही नको, असू द्या." तिचं ते 'असू द्या' ऐकलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि साखर? उतरायचं नाव नाही. मग मीच कुठंतरी चोरून खात असणार, असं मला स्वतःलाच वाटायला लागलं. इतका गुन्हेगार झालो होतो मी!

माझं काम क्रोमच्या ड्रमवर. कच्चं कातडं क्रोमच्या पाण्यात घुसळून निळं करायचं, म्हणजे ते कुजत नाही. आम्ही मूळचे रंगारी. रंगाच्या पाण्याचा थेंब मनगटावर घ्यायचा, पुसायचा नाही, वाळला की त्यावरून पाण्याचा कस ओळखायचा, ही आमच्या घराची रीत. वडील निळीसाठी तेच करायचे. मी क्रोमला ते लावलं. मेस्त्री खूश! म्हणाला, "हातमोजे दुसऱ्यांना. तुझा हात म्हणजे मीटर." मी फुशारलो. मोजे खुंटीला टांगले. बोटांच्या सांध्यांवर खड्डे पडले, ते भरेनात. त्याच हातानं दुपारी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, मोडून खायचो.

पुढच्या तपासणीला माझ्या ड्रमचा जोडीदार सिद्दप्पा माझ्या पुढं उभा होता. बन्नूर गावचा, नुसता काडी, गोडाला कधी शिवत नाही. त्यालाही साखर निघाली.

"बापाकडून आली असेल," डॉक्टर म्हणाला.

"बाप अजून उसाच्या फडात गूळ खात हिंडतोय की, स्वामी. त्याला काही नाही."

डॉक्टरनं त्याला हातानं बाजूला केलं. मला बोलावलं. "तू सांग सगळ्यांना, चूक तुझी आहे म्हणून. कन्नडात सांग."

माझं डोकं फिरलं. मी हात त्याच्या टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवला.

"हात काढ."

"नाही काढत. पोटाला चिमटा घेतलात, साहेब. ह्या हाताकडे बघितलं नाहीत. काय खातो ते विचारलंत. दिवसभर कशात हात घालतो ते कधी विचारलंत?"

"ते कारखान्यानं बघायचं. माझं काम नाही ते."

मी रांगेकडे वळलो. "तप्पु नंदल्ल," म्हणालो. चूक माझी नाही. या वेळी कुणी हसलं नाही.

अपराधीपणा मात्र अजून गेलेला नाही. परवा बायकोनं चमचाभर पायस वाढलं आणि माझा हात ताटातच आखडला. संताप आला स्वतःचा. एका माणसानं दोन बोटांत धरून दिलेली लाज मी इतके दिवस पोसली, याचा.

साखर क्रोममुळंच झाली का, मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण ते तपासल्याशिवाय माझ्या ताटाकडे कुणी बोट दाखवायचं नाही. सिद्दप्पा आणि मी मॅनेजरला तोंडावर सांगून आलोय. आमचं रक्त तपासा, ड्रमचं पाणी तपासा, शेडमधली हवा तपासा. तोवर आमचा ड्रम फिरणार नाही. कामावरून काढायचं तर काढा. मी फाटकाबाहेर उभा राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन.