तिसऱ्या प्रश्नातला 'आपण'

नील आणि माही,

मी पुण्याहून एकटी निघाले, पण परतीची तिकिटं दोन काढली होती. दुसरं कुंदाआजीचं. माझी ही धाकटी बहीण पस्तीस वर्षं दुबईत, करामा भागात राहते आणि तिचे यजमान गेल्या वर्षी गेले, एवढं तुम्हांला ठाऊक आहे. ठाऊक नसेल ते सांगते. तिथे राहायचा परवाना नोकरीला चिकटलेला असतो आणि बायकोचा परवाना नवऱ्याच्या नोकरीला. नवरा गेला की वर्षभराची सवलत मिळते. कुंदाची सवलत महिनाअखेर संपत होती. तिला मूलबाळ नाही. म्हणून मी माझ्याच इमारतीत, माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर तिच्यासाठी फ्लॅट ठरवला, पडदे शिवून टांगले आणि तिला आणायला निघाले. तिला विचारलं नव्हतं. मोठ्या बहिणी विचारत नसतात.

पर्समध्ये नीलची प्रश्नावलीही होती. शाळेचा प्रकल्प: 'डेन्मार्कमध्ये सरकार सगळ्यांना सांभाळतं, ते इतर देशांत चालेल का?' आम्हांला त्या वयात गव्हाच्या जाती विचारायचे. असो. तीन प्रश्न होते, मराठीत, नीलच्या स्वतःच्या अक्षरात. तिसरा असा: 'आपण म्हातारे झालो की आपल्याला कोण सांभाळतं?'

मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. विमान जमिनीवरून सुटायच्या आत लाल पेन बाहेर आलं. नील, तू डेन्मार्कमध्ये, आणि ज्यांना विचारायचं ते दुबईत. मग त्यात 'आपण' कुठून आलं? 'आपण' म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा, दोघं मिळून. ऐकणाऱ्याला वगळलं की 'आम्ही'. तुमच्या घरात ही चूक दोघांनाही लागली आहे. मागे माही फोनवर म्हणाली, "आजी, आपण उद्या समुद्रावर जातोय!" आणि मी पुण्यात बसून दोन मिनिटं उगाच खूश झाले होते. मी 'आपण' खोडून वर 'तुम्ही' लिहिलं, 'आपल्याला'चं 'तुम्हांला' केलं आणि समासात एक गुण कापला.

दुबईच्या विमानतळावरून टॅक्सी केली. चालक पेशावरचा, दाढी मेंदीने रंगवलेली. मी लगेच कामाला लागले. दुसरा प्रश्न होता, पगारातला मोठा हिस्सा दर महिन्याला सरकारला द्याल का. मी त्याला सांगितलं, माझा मुलगा जिथे राहतो तिथे लोक जवळजवळ निम्मा देतात.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, उनका जुर्म क्या है?"

मी समजावलं. शाळा फुकट, इस्पितळ फुकट, नोकरी गेली तर घरखर्च मिळतो, म्हातारपणी माणूस घरी येऊन पाय चेपून जातो. (पाय चेपतात की नाही मला नक्की माहीत नाही. ओघात आलं.)

पूल ओलांडेपर्यंत तो विचार करत होता. मग म्हणाला, "और मैं बीमार ही न पड़ूँ तो?"

"तो दूसरों का इलाज होगा."

"दूसरे कौन?"

तेवढ्यात करामा आलं. प्रश्नावलीच्या दुसऱ्या रकान्यात मी 'दूसरे कौन?' एवढंच लिहिलं.

करामा म्हणजे बुटक्या इमारती, गॅलऱ्यांत वाळणारे शर्ट, आणि एका कोपऱ्यावर डोशाचा तर दुसऱ्यावर तळलेल्या मासळीचा वास. उंच उंच दुबई इथून दिसते, पण शेजारच्या गावासारखी. कुंदाने दार उघडलं. मिठी नाही, डोळ्यांत पाणी नाही.

"ये. पडदे कुठल्या रंगाचे शिवलेस?"

"पिस्ता."

"मला पिस्ता रंग आवडत नाही."

घरात एकही खोकं बांधलेलं नव्हतं. मी पुण्याहून करून आणलेली यादी टेबलावर ठेवली: काय न्यायचं, काय वाटायचं, काय टाकायचं. तिने त्या यादीवर चहाचा कप ठेवला. चहा म्हणजे करक (खूप उकळून घट्ट केलेला वेलदोड्याचा चहा). खालच्या टपरीवरचा. मी एका कपाचे दिरहम मनात रुपयांत बदलायला लागले तशी ती म्हणाली, "रुपयांत हिशेब करशील तर इथे तहानेने मरशील. पी."

दोन दिवसांनी तिला एका माणसाचा निरोप घ्यायचा होता. साजिदचा. तो मूळचा रत्नागिरीकडचा. लहानपणी इथेच करामात, कुंदाच्या खालच्या मजल्यावर राहायचा आणि गणितात सलग नापास व्हायचा. कुंदा त्याला रोज संध्याकाळी समोर बसवून शिकवायची. आता त्याचं शारजाच्या औद्योगिक भागात गॅरेज आहे. तिथे रस्ताभर गॅरेजंच. कुठे नुसते दरवाजे टांगलेले, कुठे नुसते सायलेन्सर, जणू खाटकाच्या दुकानात गाड्या लावल्यात. मी मोतिया रंगाची साडी नेसले होते. स्टुलावर बसले. उठले तेव्हा मागे ग्रीसचं गोल वर्तुळ होतं.

"आता तू इथली झालीस," कुंदा म्हणाली.

साजिद चाळिशीचा, पोट सुटलेला, हात काळे. "मोठ्या बाई, सलाम. बाई, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात? मी आलो असतो ना."

"सांगायला आले. जातेय मी. एकतीस तारखेला."

"जाताय म्हणजे? परत कधी?"

"परत नाही. खलास."

तो काही बोलायच्या आत फोन वाजला. एका बंगाली कामगाराने उचलला, दोनदा ओरडला, मग नेपाळ्याच्या हातात दिला. तोही ओरडला. पलीकडचा बहुधा तिसऱ्याच भाषेत ओरडत होता. कुंदाने फोन काढून घेतला, मल्याळममध्ये चार वाक्यं बोलली आणि ठेवला. "त्याचा गिअरबॉक्स उद्या संध्याकाळी दे. आज देतो असं तूच म्हणाला होतास म्हणे. लाज वाटते का?"

साजिद तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रविवारी खोर फक्कानला जाऊ, बाई. समुद्र बघून घ्या."

खोर फक्कान पूर्वेच्या किनाऱ्यावर आहे. वाटेत डोंगर लागतात, झाडाचं नाव नाही, करपलेल्या भाकरीसारखे. बोगद्यांमागून बोगदे, आणि शेवटच्या बोगद्यानंतर एकदम निळा समुद्र. बंदरात कंटेनर एकावर एक रचलेले, रंगवारीने नव्हे. मला ते पाहवेना.

किनाऱ्यावर सतरंजी पसरून माझ्याच वयाची एक अरब बाई बसली होती. तिने हाताने खूण करून आम्हां दोघींना बोलावलं आणि गहवा (वेलदोडा घातलेली फिकी कॉफी) ओतला. तिला हिंदी छान येत होती. मी नीलचा तिसरा प्रश्न काढला. पण हिंदीत गंमत अशी की 'आम्ही'ला आणि 'आपण'ला एकच शब्द, 'हम'. घाईत मीही तोच वापरला. "हम बूढ़े हो जाएँ, तो हमें कौन सँभालता है?"

"हमें तो सब मिलता है," ती म्हणाली. "घर, इलाज, बेटे की शादी में मदद. अल्हम्दुलिल्ला."

म्हणजे नील, डेन्मार्क इथे आहेच, वर खजूरसुद्धा. मी कुंदाकडे बोट केलं. "और इन्हें? पैंतीस साल से यहाँ हैं."

बाईने कुंदाचा पेला पुन्हा भरला. "ये मेहमान हैं."

"पैंतीस साल?"

"मेहमान की इज़्ज़त होती है," ती शांतपणे म्हणाली आणि कुंदाच्या हातावर तीन खजूर ठेवले. कुंदाने मला पायाने ढोसलं.

मग त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. "और तुम? बच्चे कहाँ हैं?"

"डेन्मार्क में."

"वहाँ तुमको कौन देखता है?"

"मैं वहाँ नहीं रहती. मैं पुणे में रहती हूँ."

"पुणे में कौन देखता है?"

मी खजूर खाल्ला. बी बराच वेळ चघळत बसले.

परतताना गाडीत साजिद पुढून म्हणाला, "बाई, रागावू नका. माझ्या गॅरेजवर माणूस पाहिजे. फोनला. तुमच्या नावाने परवाना काढतो. खुर्ची चांगली देईन, ग्रीस नसलेली."

"काहीतरीच," मी म्हणाले.

"चालेल," कुंदा म्हणाली.

घरी येऊन आम्ही भांडलो. पन्नास वर्षांत एवढ्या जोरात भांडलो नव्हतो. "बासष्टाव्या वर्षी गॅरेजमध्ये? सायलेन्सर मोजत? आणि त्याचा धंदा बसला तर? तो आजारी पडला तर? ही व्यवस्था नाही, कुंदा, हा एका माणसाचा चांगुलपणा आहे!"

"माहितेय मला."

"तिकडे तुझ्यासाठी फ्लॅट तयार आहे. मी वरच्या मजल्यावर आहे."

"माझी काळजी म्हणून नेतेयस, की तुझी सोय म्हणून?"

मी चष्मा पुसला. "दोन्ही."

"हां. असं सरळ सांगितलं असतंस तर तुला गहवा पाजणाऱ्या बाईची गरज पडली नसती." मग तिने कपाटातून ताट काढलं आणि मला वाढलं. "पुण्यात मला फक्त तू ओळखतेस, ताई. इथे मी खाली दूध आणायला गेले तर परत यायला तास लागतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टायपिंग सेंटरमध्ये गेलो. सरकारी अर्ज भरून देणारी ही दुकानं तिथे गल्लोगल्ली आहेत. समोरच्या माणसाने हुद्दा लिहिला: रिसेप्शनिस्ट. मग वयाचा रकाना पाहिला, कुंदाची नऊवारी नव्हे पण तरी कडक इस्त्रीची साडी पाहिली आणि साजिदला विचारलं, "आपकी कौन लगती हैं?"

"टीचर," साजिद म्हणाला.

"मंज़ूरी कब आएगी?" मी विचारलं.

"दो-चार दिन. इन्शाल्ला."

मी डायरीत 'शुक्रवार' लिहिलं. कुंदा म्हणाली, "ती तारीख नाही, ताई, ती प्रार्थना आहे." माझा चेहरा पाहून साजिद पुढे वाकला आणि मराठीत म्हणाला, "मोठ्या बाई, टेन्शन नको. काही अडलं तर आपण बघू ना."

नील, इथे थांब. तो 'मी बघतो' म्हणाला असता तर तो मालक झाला असता. 'आम्ही बघू' हे तर आपल्याकडच्या प्रत्येक कचेरीत ऐकायला मिळतं, आणि ते ऐकलं की समजावं, कुणीही बघणार नाही. तो 'आपण' म्हणाला. चार दिवसांपूर्वी माझं नावही माहीत नसलेल्या माणसाने मलाही कामाला लावलं.

शुक्रवारी काही आलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी मी कुंदाची बॅग स्वतः भरली. तिने अडवलं नाही, नुसती बघत बसली, आणि ते मला भांडणापेक्षा कठीण गेलं. मंगळवारी दुपारी, विमानाच्या आदल्या दिवशी, साजिदचा फोन आला. मंजुरी आली होती. कुंदाने फोन ठेवला, बॅग उघडली आणि साड्या परत कपाटात लावल्या. चुकीच्या क्रमाने. मी पुन्हा नीट लावून दिल्या.

विमानात खिडकीची जागा रिकामी होती. तिकीट काढलेलं होतं म्हणून मी तिथे पर्स बसवली आणि तिला पट्टाही बांधला. हवाई सुंदरी हसली. मी नाही.

आता तुझ्या प्रकल्पाचं उत्तर. चालेल का? पैशाने चालेल, माणसं प्रामाणिक असली तर आणखी चांगलं चालेल, आणि अरब बाईंकडे ते चालतंच आहे. पण कुठल्याही देशात सगळ्यात आधी एक शब्द ठरवावा लागतो, आणि मग त्याच्यात कोण मावतं हे. तुमच्याकडेही ठरलेला असेलच; तुमच्या शाळेत नुकत्याच आलेल्या एखाद्या मुलाला विचारून बघ, तो त्यात मावतो का. साजिदच्या गॅरेजवर मी देश चालवणार नाही. पण त्याच्याशिवाय कुठल्या देशाची सुरुवात होईल असंही मला वाटत नाही.

पिस्ता पडदे मी काढून आणले आणि माझ्या खिडकीला लावले. मलाही तो रंग आवडत नाही, असं आता लक्षात आलंय.

मुद्रितशोधनात एक खूण असते. खोडलेला शब्द बरोबरच होता असं कळलं, तर त्याच्या खाली ठिपके द्यायचे आणि समासात 'स्टेट' (stet, मूळ लॅटिन) लिहायचं. म्हणजे, जसं होतं तसं राहू द्या. सरकारशी त्याचा संबंध नाही. चाळीस वर्षांत ही खूण मी स्वतःच्या दुरुस्तीवर फार क्वचित वापरली.

प्रश्नावली सोबत पाठवतेय. तिसऱ्या प्रश्नातल्या 'आपण'खाली ठिपके आहेत. कापलेला गुण परत दिला आहे.

तुमची आजी