बिनपथ्याची गोळी

नव्वदच्या दशकात आमच्या पिंपरी पेंढारच्या घरात थोरल्या चुलतीला स्तनाचा कर्करोग झाला आणि तो हाडांत पसरला. पुण्याला नेऊन सुया दिल्या. केस गेले, तोंड आलं, उलट्यांनी ती अर्धी झाली. घरानं वर कडक पथ्य लावलं. वांगं बंद, आंबट बंद, तेलकट बंद. ते सांभाळायचं काम धाकटी जाऊ म्हणून आईकडे आलं, आणि आई त्या बाबतीत फौजदार होती. चुलती वर्षभरात गेली.

दोन हजार सालानंतर तोच आजार आईला झाला. तिचाही हाडांत पोचल्यावरच कळला. तिची पाळी केव्हाच थांबली होती, तरी शरीरात थोडं हार्मोन बनतं आणि गाठ त्याच्यावर पोसते, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते बनणंच बंद करणारी गोळी आता आली होती. रोज एक घ्यायची, केस जाणार नव्हते.

आमच्याकडे सलाइन लावल्याशिवाय कुणी आजारी नसतं आणि त्रास झाल्याशिवाय औषध लागू पडत नाही. ती एवढीशी गोळी पाहून वडिलांनी, भावकीनं आणि खुद्द आईनं एकच अर्थ काढला: डॉक्टरांनी हात टेकले. नातेवाईक बिस्किटांचे पुडे घेऊन भेटून जाऊ लागले. जाणाऱ्याला कसलं पथ्य, म्हणत आई हवं ते खाऊ लागली आणि गोळी उशाखाली लपवू लागली. मग ती गिळेपर्यंत मी रोज सकाळी समोर उभा राहायचो. मला तिचा रागही यायचा आणि ती जाईल याची भीतीही वाटायची.

काही महिन्यांत ती आधाराशिवाय कांद्याच्या वाफ्यापर्यंत जाऊ लागली. पुण्यात पुन्हा तपासण्या झाल्या. आजार गेला नव्हता, पण थांबला होता. हीच गोळी चुलतीला का दिली नाही, असं मी विचारलं. तेव्हा ती नव्हतीच, डॉक्टर म्हणाले. मग आईनं चाचरत सांगितलं की ती वांगी, लोणचं, भजी सगळं खात होती. खुशाल खा, ते म्हणाले, या आजाराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

परतीच्या एसटीत मी खुशीत होतो. मंचर मागं पडलं तशी आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "जाऊबाई शेवटी भरीत मागत व्हत्या. मी न्हाई दिलं."